आमची वाटचाल : दोष शोधण्याची मजुरी

कोल्हापुरात गाणे ऐकणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. अल्लादियाखाँसाहेबांचे वास्तव्य लाभलेल्या आणि देवल क्लबच्या मैफलींवर कान घडवलेल्या या गावात चांगला ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि चांगले स्पीकर बाळगणारी घरे पूर्वीपासून आहेत. वानवा होती ती बंद पडलेले यंत्र उघडून त्यात नेमके काय बिघडले आहे, एवढेच खरेपणाने सांगणाऱ्याची. शाहूपुरीतील एका गाळ्यात नव्वदच्या दशकात आम्ही हे काम सुरू केले, तेव्हा पाटीवर विक्रीचा उल्लेख नव्हता आणि आजही नाही. आम्ही दोष शोधतो आणि त्याची मजुरी घेतो. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही, तरीही घेतो. "नुसती पिन घट्ट केलीत, त्याचे कसले पैसे?" या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही, पावती देतो.

हत्यारांविषयी लिहायलाच हवे, कारण हल्ली हत्यारांपेक्षा गणवेशालाच मान मिळतो. मी अजूनही सुईचा मीटर वापरतो. ड्राय सोल्डर झालेला, म्हणजे डाख नीट न धरलेला सांधा हलवला की सुई थरथरते. डिजिटल मीटरवरचा आकडा स्थिर होईपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो. स्पीकरचे प्लस-मायनस ओळखण्यासाठी दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडलेला असला की बास, म्हणजे खर्जाचा आवाज, नाहीसा होतो आणि मालक नवा सबवूफर विकत घ्यायला निघतो. पिशवीतली तिसरी वस्तू म्हणजे खात्रीची एक आरसीए केबल (एका यंत्रातून दुसऱ्यात आवाज नेणारी तार), जी कोणत्याही गिऱ्हाइकाला कधीही विकायची नाही. आणि चौथी, सगळ्यांत मोलाची, ती जोडणी-वही. प्रत्येक घरासाठी एक पान. कोणत्या डब्याची कोणती तार कोठे जाते, अर्थिंग कोणत्या सॉकेटला आहे, राउटर कोठे बसवला आहे, हे सारे त्यावर हाताने काढलेले असते.

आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे शुक्रवार पेठेतील एक निवृत्त संस्कृत शिक्षक. दुकानात सगळे त्यांना 'सर' म्हणतात. त्यांच्या चिरंजीवांनी अमेरिकेतून बेल्टवर चालणारा एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला होता आणि ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो सुरूही केला होता. तबकडी फिरत होती, आवाज स्वच्छ होता, पण गाणे जड वाटत होते. तबकडीवरील गायिकेचा सूर पेटीच्या कोणत्या पट्टीत लागतो, ते ओळखून सर म्हणाले, "बाई काळी एकात गातात, इथं काळी पाचात उतरल्यात. बाईंना काय झालंय ते बघा."

बाईंना काहीच झाले नव्हते. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही; आणि सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टेजवर नव्हे तर हर्ट्झवर ठरतो. त्यामुळे मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर फिरायला हवी ती तबकडी अठ्ठावीसच्याही खाली फिरत होती आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरला होता. सरांच्या कानाने तो अचूक मोजला होता. उद्यमनगरातील एका लेथवाल्याकडून मूळच्या सव्वापट नव्हे, बरोबर १.२ पट व्यासाची पितळी पुली कातून घेतली. त्यानंतर १८० रेघांची चकती तबकडीवर ठेवून ती चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवली. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या, की वेग बरोबर समजायचा. सर बराच वेळ त्या रेघांकडेच पाहत राहिले आणि मग म्हणाले, "आता बाई बऱ्या झाल्या." तेव्हापासून त्या रेकॉर्ड प्लेअरची एकही पिन आमच्याशिवाय कोणी काढलेली नाही.

त्यापुढची कितीतरी वर्षे सुरळीत गेली. त्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

मग शहरात एक मोठी शोरूम आली. तिचे नाव मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांना माहीत आहे. तिचा धंदा एका वाक्यावर चाले : "याचे पार्ट आता मिळत नाहीत, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." ताराबाई पार्कातील एका घरात सोनोडाइनचा उत्तम ॲम्प होता आणि टीव्ही जोडल्यापासून तो घुमत होता. आम्ही गेलो, सगळ्या पिना काढल्या; ॲम्प एकदम शांत. म्हणजे ॲम्प निर्दोष. टीव्हीची पिन लावली, घुमणे परत आले. पिन तशीच ठेवून सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची तार सोडवली, तर पुन्हा शांतता. निदान स्पष्ट होते. केबलवाल्याच्या तारेचे कवच दूर कोठेतरी खांबाजवळ जमिनीला जोडलेले (अर्थ झालेले) होते आणि ॲम्पला अर्थ मिळत होता घराच्या सॉकेटमधून. या दोन अर्थांमधील व्होल्टेजचा फरक आरसीए केबलच्या कवचातून वाहत होता आणि तोच स्पीकरमधून ऐकू येत होता. घरमालकांना मी सांगितले, की त्या तारेत एक छोटा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थाची जोडणी तोडणारा भाग) बसवावा लागेल, तो मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवतो, थोडे दिवस थांबा.

ते थांबले नाहीत. शोरूमच्या माणसाने ॲम्पला नुसता हात लावून "ट्रान्सफॉर्मर गेलाय" असे जाहीर केले, ॲम्प एक्स्चेंजमध्ये उचलला आणि साउंडबार बसवून दिला. साउंडबार घुमला नाही. घुमणार कसा? तो ऑप्टिकल केबलने जोडलेला होता. त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. अर्थाचे वर्तुळ तिथेच तुटते. त्याच टीव्हीच्या त्याच ऑप्टिकल भोकातून एक साधा कन्व्हर्टर लावून जुना ॲम्पही तितकाच शांत वाजला असता. पण जे डोळ्यांसमोर घडले, त्यावरून घरमालकांच्या लेखी मी अडाणी ठरलो आणि शोरूम जाणती ठरली. ही हकिकत ताराबाई पार्कात घरोघर पोहोचली आणि पुढे नागाळा पार्कातही गेली. बरोबर निदान करून बदनाम होण्याइतके दुसरे काही जिव्हारी लागत नाही.

पुढे काही महिन्यांनी इचलकरंजीचे एक गृहस्थ व्हॉल्यूम कंट्रोल खरखरतो, म्हणून एक सोनोडाइन घेऊन आले. झाकण उघडले, तर आत माझ्याच अक्षरातील चिठ्ठी. ट्रान्सफॉर्मर तोच, मूळचा, ठणठणीत. "कुठून घेतला?" असे विचारल्यावर त्यांनी त्याच शोरूमचे नाव सांगितले आणि मोजलेली किंमतही सांगितली. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारून मी तो परत दिला. ताराबाई पार्कातील त्या घरमालकांना मी हे आजवर सांगितलेले नाही. हे वाचून त्यांना कळले, तर माझी हरकत नाही.

शोरूमने एवढ्यावर थांबावयास हरकत नव्हती. माझ्या हाताखाली सोल्डरिंग शिकलेला मुलगा त्यांनी जास्त पगारावर नेला. त्याला दोष देत नाही. त्याच्या घरी गरज होती. पण तो गेला तो जोडणी-वहीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून, आणि मग आमच्या गिऱ्हाइकांना "तुमची सिस्टिम आमच्याकडे नोंदलेली आहे" असे फोन जाऊ लागले. निम्मे काम गेले. गाळ्याचा अर्धा भाग सोडावा लागला, वर्कबेंच जिन्याखाली गेले. २०१९च्या महापुराविषयी येथे वाचायला मिळेल, असे काहींना वाटले असेल. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी ४३ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले; आमच्या दुकानातही ते शिरले. पण पंचगंगेची पातळी निदान जाहीर तरी होत होती.

दुकान पुन्हा उभे राहिले ते सरांमुळेच. त्यांच्याकडील तबकड्या आणि कॅसेटी आम्ही फ्लॅक (आवाजात काहीही न गमावणारी फाइल) स्वरूपात उतरवून घेतल्या आणि घरातच एक सर्व्हर मांडला : रास्पबेरी पाय ४ नावाचा छोटा संगणक, बाहेरची डिस्क, त्यावर नॅव्हिड्रोम हे गाणी पुरवणारे सॉफ्टवेअर, आणि आवाजासाठी वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारे यंत्र). दुसऱ्याच्या सर्व्हरवर गाणी ठेवायची सरांची तयारी नव्हती. मे महिन्यातील वळवाने वीज गेली, परत आली, आणि सरांचा फोन आला, "यादी सगळी दिसत्ये, पण एकही गाणं वाजत नाही."

हा दोष मी सविस्तर सांगतो, कारण घरगुती सर्व्हर मांडणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो. गाण्यांची यादी पायच्या मेमरी कार्डावरील डेटाबेसमध्ये होती आणि प्रत्यक्ष गाणी डिस्कवर. वीज आल्यावर डिस्क जागी होण्यापूर्वीच सर्व्हरचा कंटेनर (नॅव्हिड्रोम ज्या बंदिस्त कप्प्यात चालते तो) सुरू झाला होता. त्याने डिस्कच्या जागी असलेला मोकळा फोल्डर धरून ठेवला, आणि मागाहून डिस्क जोडली गेली तरी तो मोकळ्या फोल्डरकडेच पाहत राहिला. शोरूममध्ये गेलेल्या त्या मुलाने सरांना डिस्क खराब झाल्याचे फोनवरच सांगून टाकले होते. डिस्कला काहीही झालेले नव्हते. डिस्क जोडली गेल्याखेरीज कंटेनर सुरूच होऊ नये, अशी अट घातली आणि प्रश्न मिटला. त्याच भेटीत सरांच्या नातवाने लावलेला मोबाइलचा चार्जर काढून ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा योग्य अडॅप्टर लावला. पायच्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, त्यामुळे डिस्कला स्वतःचा वीजपुरवठा असलेला हबही दिला. पुन्हा सुरू झाल्यावर आवाज कधी डॅकऐवजी एचडीएमआयकडे जाई, तेही याच जातीचे दुखणे. यंत्र सुरू होताना साउंड कार्डांचे क्रमांक बदलू शकतात; म्हणून सेटिंगमध्ये क्रमांक न लिहिता नाव लिहावे.

सरांच्या चिरंजीवांना ही गाणी अमेरिकेत ऐकायची होती आणि पोर्ट फॉरवर्डिंग करूनही, म्हणजे राउटरमधून बाहेरच्यांसाठी सर्व्हरपर्यंत वाट उघडूनही, जमत नव्हते. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर इंटरनेट पुरवणाऱ्याने अनेक घरांना एकाच पत्त्यामागे बसवलेले असते. अशा वेळी घरचे पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरचे दार बंदच राहते. दोन ठिकाणची यंत्रे खासगी वाटेने जोडणारे टेलस्केल बसवले आणि गाणी तिकडे पोहोचली. या एका कामावरून पुढे सांगली, गडहिंग्लज आणि पुण्याहूनही बोलावणी आली, आणि सोडलेला अर्धा गाळा परत घेता आला.

शोरूम अजून आहे. एचडीएमआय लावूनही टीव्हीचा आवाज साउंडबारमध्ये येत नाही, अशी गिऱ्हाइके आता तीच आमच्याकडे पाठवते. तार एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारे) लिहिलेल्या पोर्टमध्ये लावायची असते आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांच्या सूचना कळवणारी सोय) चालू करायचे असते. बहुतेक वेळा एवढेच काम असते. त्याची मजुरी आम्ही पूर्ण घेतो.

दुकानात येताना यंत्रासोबत रिमोट, अडॅप्टर आणि सगळ्या तारा आणाव्यात; तारा काढण्याआधी मागच्या बाजूचा एक फोटो घ्यावा. आणि घुमणे थांबते म्हणून थ्री-पिनची अर्थाची पिन कोणी कापून टाकायला सांगितली, तर तसे करू नये. घुमणे थांबेल, पण आत कधी लीकेज झाले तर ॲम्पची धातूची पेटी शॉक देईल. अशी कापलेली पिन दिसली, तर ती आम्ही न विचारता बदलतो आणि बिलात लावतो.