ते रोप काढायला हवं

मामांनी एवढंच म्हटलं. फोटो चांगला आलाय, कधी काढलास, कुठून काढलास, काही नाही. मोबाइल माझ्या हातात परत दिला, "ते पिंपळाचं रोप काढायला हवं गं," म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

ही रविवारची गोष्ट. आज बुधवार, आणि ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. शिरीष म्हणतो, तू उगाच मनाला लावून घेतेस. असेल. पण तो फोटो काही असातसा नव्हता. श्रावणातली सकाळ, रात्रभर पडून पाऊस नुकताच उघडलेला. पुलाचे दगड ओले, काळेभोर. मधल्या खांबावर जिथून कमान सुरू होते, तिथल्या सांध्यातून वीतभर रोप बाहेर आलेलं. त्याचं सगळ्यात वरचं पान कोवळं, तांबूस, आणि त्यातून ऊन आरपार. त्या एका पानासाठी मी चिखलात उभी राहिले होते. ज्यांनी ज्यांनी फोटो पाहिला ते त्या पानापाशीच थांबले. आणि ज्या माणसामुळे मला पुलांकडे बघायची सवय लागली, त्याने बघितलं तेही तेच पान, पण असं.

वाईट वाटलं. दुसरा शब्द नाही. इतकी वर्षं पुलांचे फोटो काढते ते कुणासाठी, असा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. रविवारी तो आपसूक पडला आणि उत्तरही लगेच मिळालं, ते मला फारसं आवडलं नाही.

लहानपणी सुट्टीत सांगलीला गेलं की संध्याकाळी मामांबरोबर आयर्विनवर चक्कर ठरलेली. 1929 सालचा, संस्थानाच्या काळातला पूल, खाली कृष्णा. पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला भेटला की तब्येत नंतर विचारतो, आधी "आयर्विनला किती झालं?" 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे आकडे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा मामा माडीवर अडकले होते. मी इकडून रडकुंडीला येऊन फोन करत होते आणि ते तिकडून मला सांगत होते, पाणी आत्ता खांबांच्या कुठल्या अंगाला कसं आदळत असेल ते.

कमान कशी उभी राहते हे मला त्यांनीच सांगितलं, कठड्यावर बोटाने रेघा मारून. बांधताना खाली लाकडी साचा असतो. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला की साचा काढतात आणि त्या क्षणापासून दगड एकमेकांच्या भरवशावर राहतात. प्रत्येक जण शेजारच्याला दाबतो, तो पुढच्याला, आणि भार असा उतरत उतरत खांबात, खांबातून पायात जातो. दगड दाब कितीही सोसेल, ओढ मात्र सोसणार नाही. म्हणून आकारच असा घ्यायचा की ओढ बसायला नको. चुना दगडांना धरून ठेवतो असं मला वाटायचं. मामा म्हणाले, धरून कसला ठेवतोय, तो फक्त फटी भरतो आणि भार सारखा वाटून देतो. पूल दाबावर उभा असतो. मला ते ऐकून तेव्हा काय वाटलं ते अजून आठवतं, पण लिहायला गेलं की निसटतं. पायाखालून एसटी गेल्यासारखा पूल थरथरला होता एवढं खरं.

आणि अशा सांध्यात पिंपळ शिरतो. पक्षी फळ खाऊन येतात, बी दरजेत पडतं, तिथल्या ओलाव्यावर रुजतं. बाहेर वीतभर दिसतं तोवर आत मूळ कुठवर गेलं ते कळत नाही. मूळ जाड होत जातं तशी दरज उघडते, पावसाचं पाणी आत शिरतं, चुना धुऊन जातो, मुळाला आणखी जागा होते. वरून छाटून भागत नाही, पुन्हा फुटतं. मूळ मारायचं, दरज खरवडून साफ करायची, नव्याने भरायची. हे सगळं मला माहीत आहे. रविवारच्या आधीही माहीत होतं. तरी ते पान दिसलं तेव्हा मला पानच दिसलं, हे मला कळत नाहीये.

काल रात्री झोप येईना म्हणून कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडून बसले. एकेक बघत गेले आणि बसल्या जागी कसंतरी झालं. कमानीच्या पोटावर पांढरे ओघळ उतरलेत, तो माझा फार लाडका फोटो. ते ओघळ म्हणजे वरून झिरपलेल्या पाण्याबरोबर बाहेर आलेला चुना, दगडांच्या मधून गेलेला. शेवाळलेल्या भिंतीचा फोटो: पाणी काढून देणारी भोकं बुजलीत, म्हणून भिंत बारा महिने ओली. एका पुलावर कठडा जेमतेम गुडघ्याला लागतो, त्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचा फोटो मला किती आवडतो. कठडा मुळात ठेंगणा नव्हता. वर्षानुवर्षं डांबराचे थर एकावर एक चढत गेले, रस्ता वर आला, आणि तेवढं ओझं कमानीच्या डोक्यावर बसलं. मला जे जे सुंदर वाटलं ते पुलाचं काहीतरी जात असतानाचं होतं. मग मी इतकी वर्षं पुलांवर प्रेम केलं की त्यांच्या झिजण्यावर?

सावित्री नदीवरच्या पुलाचं आठवलं. आठवणारच. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, महाडचा तो ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात गेला आणि पाठोपाठ दोन एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. पुढे पूल उरलेला नाही हे मागून येणाऱ्या ड्रायव्हरला कळायला मार्गच नव्हता. त्या पुलावरून आम्ही किती वेळा कोकणात गेलोय. मामा त्या आठवड्यात नीट जेवले नव्हते. त्याबद्दल ते बोलत नाहीत, मीही विचारत नाही. एकदाच म्हणाले होते की पुरात पूल बघायचा तर वर बघून उपयोग नाही. पाणी खांबाला अडतं, भोवरा घेऊन खाली जातं आणि पायाजवळची वाळू उपसून नेतं. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने परत भरतो. नंतर बघायला जाणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं.

कॅमेऱ्यालाही तेच दिसणार.

मग पानवलचे फोटो उघडले. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पूल, 64 मीटर उंच, 424 मीटर लांब, आठ बाजूंचे पोकळ खांब दरीतून सरळ वर गेलेले. त्यावर ना शेवाळ ना पान. या फोटोंना कुणी कधी छान म्हटलेलं नाही आणि त्यात मला कुणाचा राग नाही, कारण त्या पुलाची खरी गंमत फोटोत नाहीच. एवढ्या उंचीवर खालून आधार देत पूल बांधायचा कसा? तर वरचा काँक्रीटचा भाग दरीच्या एका काठावर तुकड्या-तुकड्याने ओतला, प्रत्येक नवा तुकडा आधीच्याला जोडला आणि सगळंच्या सगळं हायड्रॉलिक जॅकने पुढे ढकललं, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर, पार पलीकडच्या काठापर्यंत. भारतात अशा रीतीने झालेला पहिला पूल. आज तो इतका स्थिर दिसतो की हा कधीकाळी सरकत आलाय यावर विश्वास बसू नये. पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मामा वर बघत कितीतरी वेळ गप्प उभे होते. गाडी वरून गेली, त्यांनी टोपी काढली. त्या दिवशी मी पुलाचे फोटो काढत राहिले, मामांचा एकही काढला नाही. असो.

आईच्या रिपोर्टचं लिहायचं होतं आज. ते राहूच दे.

परत तेच. मामांनी फोटो "बघितलाच नाही" असं मी तीन दिवस मनाशी घोकतेय. पण आज भाजी निवडताना रविवारची दुपार पुन्हा डोळ्यांसमोर आली आणि लक्षात आलं की मोबाइल बराच वेळ त्यांच्याकडे होता. चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीन नाकाशी धरून, दोन बोटांनी मोठं करत करत ते खांबावरून कमानीवर गेले, कमानीवरून पुन्हा खाली आले. एक एक दगड बघत होते. बाकीच्यांनी पान पाहिलं, छान म्हटलं आणि पुढे गेले. इतका वेळ माझा कुठलाच फोटो कुणी पाहिलेला नाही. मला हवं होतं ते शब्दांत मिळालं नाही, एवढंच. त्यांच्याकडून ते शब्दांत मिळणारही नाही. आमच्या घरात ती पद्धतच नाही.

तरी थोडं लागलंय ते लागलंय. आणि तो फोटो मी काढून टाकणार नाही. ते पान सुंदर आहे. रोप काढायला हवं हेही खरं आहे. दोन्ही एकाच फ्रेममध्ये आहेत, त्याला मी काय करू.

संध्याकाळी मीच फोन केला. म्हटलं, मामा, त्या रोपाचं अर्ज देऊन सांगायचं का? त्यांनी वाटच बघितल्यासारखं सुरू केलं. नुसता पानाचा फोटो नको. पूर्ण खांब एका फोटोत, मग तोच सांधा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. दोन्ही बाजूंनी. खांबाचा पायथा आत्ता पाणी उतरल्यावर एकदा आणि मेअखेर पुन्हा, उभं राहायची जागा तीच. भिंत बाहेर फुगलीये का तेही बघायला हवं, पण समोरून काढलेल्या फोटोत फुगवटा कळत नाही, ती अडचण आहे, असं म्हणाले.

मी म्हटलं, कळेल. हिवाळ्यात सकाळी सातच्या पुढे थोडा वेळ ऊन त्या भिंतीला घासून जातं. दगडाची जरा जरी कड पुढे असली तरी तिची लांब सावली पडते. सकाळच्या त्या उजेडातच तर मी तिथे जात असते.

पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "सातला म्हणजे इथून साडेपाचला निघावं लागेल. मामीला डबा करायला सांगतो."