शेंदूरजना घाटची चौदा नंबरची अळी

नागपूरहून काटोलमार्गे वरूड, एसटीने. सप्टेंबरचा उकाडा आणि दरवाजापर्यंत गर्दी, त्यामुळे उतरेपर्यंत कुर्ता अंगाला चिकटला होता. वरूडहून शेंदूरजना घाटला गेले. तिथे माझी मैत्रीण संत्र्याच्या नर्सरीत लिंबाच्या फुलपाखराचा अभ्यास करते. हे फुलपाखरू स्वॅलोटेल कुळातलं, पण पंखांना शेपट्या नसलेलं. मी मदतीला म्हणून पाच दिवस गेले होते.

शेंदूरजना संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेलं आहे. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. अशा नर्सरीत कोवळ्या पालवीला खंड नसतो आणि या फुलपाखराच्या मादीला तीच हवी असते. ती पानावर धड बसतही नाही. पंख फडफडवत पुढच्या पायांनी पान ठोकते. पायानेच चव घेते ती. पटलं तर पोट वाकवून मोहरीएवढं एकच पिवळसर अंडं चिकटवते आणि पुढच्या रोपाकडे जाते. अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, शेवटच्या कातीत हिरव्यागार होतात. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो.

पहिले तीन दिवस डबे पुसण्यात, ताजी पानं आणण्यात आणि लेंड्या झटकण्यात गेले. नर्सरीवाल्या काकूंच्या हातची पाटवडी आणि ज्वारीची भाकरी नसती तर मी दुसऱ्याच दिवशी परत निघाले असते. नर्सरी काकांची. मैत्रिणीच्या शब्दाखातर त्यांनी एका कोपऱ्यातल्या रोपांवर फवारणी थांबवली होती. ज्याचं पोट रोपांवर आहे त्याने असं करणं मला फार मोठं वाटतं.

अभ्यास साधा होता. काही अळ्या जाळीत वाढवायच्या आणि वीस अळ्या उघड्यावर रोपांवरच, शेजारच्या फांदीला नंबराची फीत बांधून. कोण किती दिवस जगतं ते लिहायचं.

चौदा नंबरची माझ्या वाट्याची होती. तिसऱ्या संध्याकाळी तिने खाणं सोडलं, पातळ विष्ठा टाकली आणि खोडावर वरखाली फिरून एक जागा धरली. शेपटाकडे रेशमाची गादी विणली, अंगाभोवती एक धागा घेतला आणि डोकं वर करून गप्प झाली. पुढच्या संध्याकाळी पाहते तर तिच्या पाठीवर दोन-तीन मिलिमीटरची, हिरवट काळी, चकाकणारी माशी बसलेली. डंख नाही, हालचाल नाही. नुसती बसलेली.

मी झटकायला हात पुढे केला. मैत्रिणीने मनगट धरलं.

"हात लावू नकोस. हेच तर मोजतोय आपण."

"अगं, पण ती मारेल ना हिला!"

"मारेल. ती हिचा कोष व्हायची वाट बघतेय."

पहाटे आम्ही टॉर्च घेऊन खोडाजवळ बसलो. डोक्यामागे कातडी उकलली आणि मोज्यासारखी खाली सरकत गेली. शेवटी शेपटापाशी चुरगळा उरला. कोषाने आपलं टोक त्यातून सोडवलं आणि चाचपडत गादीत रोवलं. तेवढा वेळ सगळा भार त्या एका धाग्यावर होता. तो तुटला नाही. नवा कोष ओलसर, पोपटी आणि इतका मऊ की आतलं काहीतरी हलताना दिसत होतं. माशी चालत त्याच्यावर गेली आणि पोटाची सुई आत घातली. साल कडक व्हायच्या आत तिला काम उरकायचं होतं. एकामागून एक ती अंडी घालत राहिली. माझे डोळे भरून आले.

काका मागे येऊन उभे होते. "काहून रडता ताई? थे माशी तं आपल्या कामाची हाय. थे हाय म्हणून फवारा कमी लागते."

मला त्यांचा राग आला आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं. हेच फुलपाखरू 2004 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पहिल्यांदा सापडलं तेव्हा तिकडच्या लिंबूवर्गीय बागांची काळजी सुरू झाली. कोषात अंडी घालणारी अशी माशी शेतकऱ्याला हवीच असते. पण मी तिच्यासाठी पानं खुडली नव्हती, चौदा नंबरसाठी खुडली होती. मैत्रिणीशी मी दुपारपर्यंत बोलले नाही. हे आता तिला माहीत आहे, म्हणून इथे लिहिते.

निघायच्या आधी काकूंनी जाळीतलं पहिलं फुलपाखरू माझ्या हातावर दिलं. पंख अजून ओले होते, मागच्या पंखावर विटकरी ठिपका. ते बराच वेळ तळहातावरच बसून राहिलं.

नंतर मैत्रिणीचा फोटो आला. कोष फांदीसकट काचेच्या नळीत, तपकिरी झालेला, बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक. आतून किती माशा निघाल्या ते तिने मोजून ठेवलंय. मी अजून विचारलेलं नाही.