शेवंडीचा भाव

29 मे, रात्री साडेदहा

अंगठा अजून ठुसठुसतोय. शेवंडीचा, म्हणजे लॉबस्टरचा, काटा लागला. पण झोप उडालीय ती त्यामुळे नाही.

मासेवाली मावशी आज शेवंडीकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "तुझी आय दर येलेला हिचा भाव इचारायची. घेतली कदी नाय." म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पापलेट कापायला लागली. मी सिटीलाईटच्या मासळीबाजारात गेले होते ती बोंबील आणायला. वर "एक तारखेपासून बोटी बंद, मंग दोन म्हयने बर्फातलाच खा" हेही ऐकवलं. पाच मिनिटांनी माझ्या पिशवीत साडेसातशे ग्रॅमची शेवंड होती आणि पाकिटात घरी जाण्यापुरते पैसे.

मला ते आठवतंय, हेच वाईट. आई एक बोट लावून विचारायची, "ही कशी दिली?" मावशी आकडा सांगायची. आई "बापरे" म्हणायची आणि आम्ही मांदेलीचा वाटा घेऊन घरी. दर रविवारी तेच. मी पिशवी धरून उभी असायचे आणि त्या लांबच लांब मिशा बघायचे. आईला खावीशी वाटत असेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं नाही आलं.

गंमत म्हणजे ऑफिसात मी दिवसभर शेवंडीच्याच शेपट्यांच्या निर्यातीचे कागद करते. 0306 ने सुरू होणारा कस्टम्सचा कोड, गोठवलेला माल, वजनं, प्रमाणपत्रं. मुंबईकडे मिळते त्या जातीची अख्खी, न शिजवलेली शेवंड 300 ग्रॅमच्या खाली असेल तर बाहेर पाठवता येत नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. चव विचारू नका. आईने नुसता भाव विचारला, मी नुसतं वजन टाइप केलं. आमच्या घराण्याचा शेवंडीशी संबंध एवढाच.

तर घरी आल्यावर हातात जाड फडकं धरून डोकं पिळून वेगळं केलं. निम्म्याहून जास्त वजन त्या डोक्यातच गेलं, तेव्हा पोटात गोळा आला. शेपूट हिरवट, त्यावर आडव्या फिक्या पट्ट्या, बारीक बांगड्या भरल्यासारख्या. कात्रीने पाठीवरून पार पंख्यापर्यंत कवच कापलं, दोन्ही अंगठ्यांनी फाकवलं (काटा लागला तो इथे), मधला काळा दोरा ओढून काढला. हळद, मीठ, लसूण, थोडं आगळ. तव्यावर लोणी. कवच बघता बघता लाल झालं. तो लाल रंग कवचात आधीपासूनच असतो म्हणे, प्रथिनाला चिकटून बसलेला. आच लागली की सुटतो.

मांस काचेसारखं दिसतं ते पांढरं झालं की लगेच उतरवायचं, एवढंच खरं कौशल्य. मी नेमकी तेव्हा ओट्याशी उभी राहून रडत होते. ताटं दोन घेतली होती, त्यातलं एक परत मांडणीत ठेवलं. तो विषय आज नको. वळून बघते तर शेपूट आखडून गोल झालेलं. पहिला घास चावला. चावतच राहिले. चपलेचा अंगठा चावावा तसं. कडेचा तुकडा तेवढा बरा होता, गोडसर, कोलंबीपेक्षा भरदार. तोही घशाखाली उतरेना. सारखं तेच: बिचारी आई. दर रविवारी. बिचारी.

शेवटी न राहवून डोंबिवलीला फोन लावला. म्हटलं, आई, तुला शेवंड खायची होती का गं?

"मला? मला मुळीच आवडत नाही ती."

मग दर वेळी भाव कशाला विचारायचीस?

"अगं वेडे, आधी तो भाव विचारायचा, तोंड पाडायचं आणि मग मांदेलीकडे वळायचं. तिलाच वाईट वाटायचं. वाट्यावर मूठभर जास्त टाकायची. तू केवढ्याला आणलीस?"

मी तीनशे कमी करून सांगितले. तरी म्हणाली, "फसवलंन् तुला."

म्हणजे वीस वर्षं आईने मावशीला बनवलं, आणि आज मावशीने एका वाक्यात सगळी वसुली केली. माझ्याकडून. घासाघीससुद्धा नाही केली मी. डोळे भरून आलेलं गिऱ्हाईक कशाला घासाघीस करतंय! एकटीच हसले. उरलेले तुकडे बारीक चिरून कांद्यावर परतले, तसे चालले.

"डोकं टाकलं नाहीस ना?" हे आईचं फोन ठेवता ठेवता. "आत पिवळसर असतं ना, खरी चव त्यातच. ठेचून पाण्यात उकळ, गाळ, मग वाटण लाव. तिरफळ विसरू नकोस."

डोकं डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलंय. मिशा मावेनात, मोडाव्या लागल्या. आणि आता अंथरुणावर पडल्यावर सुचतंय की खरी चव कशात असते हे तिला कुठून ठाऊक, ते विचारायचं राहिलंच.