मांडवी, लालपरी आणि महालक्ष्मी

आजचा पूर्ण दिवस प्रवासात गेला, आणि मन भरलं!

सकाळी मुंबईहून मांडवी एक्सप्रेस. खिडकी मिळाली होती. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा होईपर्यंत देशात याच्याएवढा लांब रेल्वे बोगदा नव्हता. आत शिरलो की गाडीचा आवाज एकदम अंगावर येतो, खिडकीतून येणारी हवा गार आणि ओलसर होते, आणि डब्यातली पोरं हमखास ओरडतात. डिझेल इंजिनं होती तेव्हा धुराचा वास यायचा. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं, आता तोही नाही. खरं सांगतो, मला त्या डिझेलच्या घरघरीची आठवण येते.

रत्नागिरीहून कोल्हापूरला थेट रेल्वे नाही, मध्ये सह्याद्री उभा. मग एसटी, आंबा घाटातून. त्या वळणांवर स्टिअरिंग फिरवणाऱ्या चालकदादांना मनापासून सलाम. साखरप्यापासून पुढे नुसती हिरवाई.

आता कोल्हापुरात महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट बघतोय. कोकणातल्या वैभववाडीहून कोल्हापूरला जोडणाऱ्या रेल्वेमार्गाची चर्चा किती वर्षं ऐकतोय. तो झाला तर घाट उतरणाऱ्या पहिल्या गाडीत मी असणारच. कोण कोण येतंय?