सहा झाडांची झुकिनी आणि कोहळ्याचा धडा

नोव्हेंबरच्या शेवटी नेरूळला आमच्या गच्चीवर झुकिनी लावली, तेव्हा सहाच्या सहा बिया रुजतील असं वाटलं नव्हतं. चार माणसांच्या घराला दोन झाडं पुरतात. जानेवारीच्या मध्याला फळं लागली आणि मग थांबेचनात. सकाळी नरफुलाचा पराग मादीफुलाला लावला (मादीफुलाच्या देठाशी इवलंसं फळ असतं, त्यावरून ओळखायचं) की आठवड्याच्या आत वीतभर झुकिनी तयार. तेवढी असतानाच ती काढावी. आम्ही दोन-तीन दिवस वाईला जाऊन आलो, तर सात झुकिन्या हातभर वाढल्या होत्या. साली निबर, आत बिया धरलेल्या.

वरच्या-खालच्या मजल्यांवर वाटल्या. नरफुलं जास्तीची होती, त्यांची भोपळ्याच्या फुलांसारखी भजी केली. तरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर सहा-सात किलो उरलीच.

पहिल्यांदा किसून तशीच पाकिटात भरून फ्रीजरला टाकली. आठ दिवसांनी काढली तर निम्मं पाणी आणि खाली लिबलिबीत चोथा. झुकिनीत शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असतं, मग दुसरं काय होणार! सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, कोहळ्याला करतो तसंच कर की हिला. मीठ लाव आणि पीळ."

तिथून सगळं सुधारलं. आता आधी प्रत्येक फळाची चकती चाखते. कडू लागली तर ते फळ सरळ टाकून द्यायचं, दुधीसारखंच. ते शिजवूनही खाऊ नये. फ्रीजरसाठीच्या किसाला मीठ लावत नाही. दोन मिनिटं वाफ देते, गार करते, पंचात घालून घट्ट पिळते आणि दोन-दोन वाट्यांची चपटी पाकिटं करून वर तारीख लिहिते. थालीपिठाला एक पाकीट पुरतं. पाकिटातला बर्फ वितळल्यावर किसाला पुन्हा थोडं पाणी सुटतं, त्यातच भाजणी भिजवायची, वरून पाणी घालायचं नाही.

लोणचंही घातलं, मोहरीची पूड, हळद आणि भरपूर लिंबू घालून. पण झुकिनी म्हणजे कैरी नव्हे, तिला स्वतःचा आंबटपणा नाही. नुसती तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं, म्हणून बरणी फ्रिजमध्येच ठेवली आणि दोन आठवड्यांत संपवली.

निबर झुकिन्यांचं मात्र सोनं झालं. साल आणि बिया काढून किसल्या, मीठ लावून अर्धा तास ठेवून पिळल्या. हरभऱ्याची डाळ आणि थोडी उडदाची, रात्रभर भिजवून जाडसर वाटली. लागेल तेवढं पाणी त्या पिळलेल्यातलंच घेतलं. ते खारट असतं, म्हणून वेगळं मीठ नाही. लाल तिखट, जिरं, हिंग घातलं आणि प्लास्टिकच्या कागदावर सांडगे घातले.

पहिला घाणा वाया गेला. संध्याकाळी मी तो गच्चीवरच कापड झाकून ठेवला. खाडी जवळ, रात्रीचं दव पडतं. तिसऱ्या दिवशी सांडग्यांवर बुरशी. टाकताना फार जीव तुटला. दुसऱ्या खेपेला सांडगे लहान घातले, ऊन उतरायच्या आत रोज घरात आणले, दुसऱ्या दिवशी उलटवले. पाचव्या दिवशी डब्यात टाकल्यावर खडखड वाजले. सासूबाईंनी एक मोडून आत ओल नाही ना ते पाहिलं, मगच झाकण लावलं.

फेब्रुवारीच्या अखेरीस पानांवर भुरी पडली, झाडं काढली. परवा पाऊस सुरू झाला, बाजारात भाजी धड नव्हती. मूठभर सांडगे तेलावर परतले, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. कोहळ्याच्या सांडग्यांपेक्षा ते लवकर मऊ होतात, म्हणून उकळी आल्यावरच घातले. सासूबाईंनी भाकरीबरोबर दोनदा वाढून घेतलं.