कपिलाचं वाक्य

शनिवार, रात्री

जळगावातल्या लेखन कार्यशाळेला आज एक प्रकाशक आले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत न कापलेला छापील कागद. आम्हाला वाटलं, आता ‘वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे’ सुरू होणार. त्यांनी तो कागद टेबलावर पसरला आणि घड्या घालायला घेतल्या. तीन घड्या, कडा नखानं दाबल्या, आणि 16 पानांची पुस्तिका पुढे सरकवली. हा एक फॉर्मा. पुस्तकाचा हिशोब फॉर्म्यात चालतो. 96 पानं म्हणजे सहा फॉर्मे. 97वं पान आलं की निदान अर्धा फॉर्मा वाढतो. ‘म्हणून कधी कधी तुमची शेवटची कविता वाईट असते म्हणून नाही, ती 97व्या पानावर असते म्हणून जाते,’ म्हणाले. मागच्या बाकावरचे कवी जरा अस्वस्थ झाले.

पैशांचंही त्यांनी झाकून ठेवलं नाही. नव्या माणसाच्या पहिल्या पुस्तकाचा खर्च बहुतेक वेळा तो स्वतःच करतो. हे आम्हाला नवीन नाही. आमच्या काकांच्या कवितासंग्रहाचे गठ्ठे दिवाणाखाली आहेत, लग्नकार्यात आहेरासोबत एकेक प्रत जाते. नवीन होतं ते हे की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो. ‘पॅकेज’मध्ये त्याचे वेगळे पैसे कुणी लावले तर विचारायचं, कशाचे? आणि पुस्तक उघडल्यावर मुखपृष्ठाआधी हक्कांची ओळ वाचायची. कॉपीराइट कायदा 1957 चा. हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. एवढा लांबचा पल्ला एका सहीत देऊन टाकायचा नसेल तर करार वाचून सही करा. वर्गात कुणी ‘करार’ हा शब्द लिहून घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग कुणीतरी विचारलं, सर, अलकांचं, म्हणजे अति लघु कथांचं, पुस्तक निघतं का? निघतं, म्हणाले, पण आधी अंकात छापून या. दिवाळी अंकात एखादी कथा पानाच्या मध्यावर संपली की खाली जागा उरते. संपादक तिथे व्यंगचित्र टाकतो, नाहीतर तुमची अलक. 1909 च्या ‘मनोरंजन’पासून मराठी लेखक दिवाळी अंकाच्या दारात उभा आहे, आम्हाला आत जायला मिळणार ते असं, पानाच्या तळाशी. काहींना राग आला. मला नाही आला. उरलेली जागा तर उरलेली जागा, बसता आलं पाहिजे.

बहिणाबाईंचा विषय निघणारच होता. जळगावात साहित्यावर बोलायचं आणि आसोद्याला, त्यांच्या माहेराला, वळसा घालायचा हे कुणाला जमलेलं नाही. पण कार्यशाळा घेणाऱ्या मॅडमनी तो वेगळ्या बाजूनं काढला. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी गाणी उतरवून घेतली. 1951 मध्ये त्या गेल्या, 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे छापलेलं पान त्यांनी पाहिलंच नाही, आणि जी गाणी कुणी उतरवली नाहीत ती गेली. मॅडम म्हणाल्या, प्रकाशनाची सुरुवात इथे होते, वहीत. छापखाना फार नंतर. (कुणीतरी पुन्हा त्यांची भाषा अहिराणी म्हणालं. मी अमळनेरची, घरी अहिराणीच बोलते. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. हे आता मी भांडून सांगायचं सोडलंय, इथे लिहिते फक्त.)

दुपारी अलक. आमच्यातल्या बहुतेकांची ओळख व्हॉट्सअ‍ॅपवरची. मुलगा आईला वृद्धाश्रमात सोडायला जातो, तिथला व्यवस्थापक आईला ओळखतो, आणि शेवटच्या ओळीत कळतं की ह्याच बाईनं इथून एक अनाथ पोर दत्तक नेलं होतं. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. मला हा चुटकाच वाटतो, हसण्याऐवजी रडवणारा. एकदा गुपित फुटलं की दुसऱ्यांदा वाचायला काही शिल्लक नाही. अमेरिकी कथाकार हेमिंग्वेच्या नावावर फिरणारी ती सहा शब्दांची गोष्टही, ‘विकणे: बाळाचे बूट, कधीच न घातलेले’, मॅडमनी निकालात काढली. ती त्याची असल्याचा पुरावा नाही. बाळाच्या न वापरलेल्या वस्तूंची ती कल्पना तो शाळकरी पोरगा असतानाच्या अमेरिकी वर्तमानपत्रांत सापडते.

खरं काम झालं ते उर्दू कथाकार मंटोवर. फाळणीनंतर 1948 मध्ये आलेल्या ‘स्याह हाशिये’तला एक तुकडा त्यांनी वाचून दाखवला. दोन आवाज. एक म्हणतो, मेला नाही, बघ, अजून जीव आहे. दुसरा म्हणतो, राहू दे यार, मी थकलोय. संपलं. शीर्षक: आरामाची गरज. कोण, कुठे, कुठल्या धर्माचा, काही नाही. शीर्षकच अर्धी गोष्ट सांगून जातं, आणि त्यात धक्का नाही, म्हणून दहा वेळा वाचली तरी तेवढीच टोचते.

त्यानंतर रावेरकडच्या एका मुलानं त्याची वाचली, वादळात केळीची बाग पडल्यावरची. दीड पानाची होती, सकाळपासून खोडून त्यानं एवढी केली:

‘पंचनाम्याला तलाठी आले. किती खोडं पडली, विचारलं. बाबांनी आकडा सांगितला. मग आईला म्हणाले, चहा टाक. दूध आणायला मी शेजारी गेलो, गोठ्यावरून न जाता, मागच्या बोळानं. आमची कपिला त्या आकड्यात नव्हती.’

वर्ग गप्प. मग सगळे एकदम बोलायला लागले. मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढ. बोळानं गेला तिथेच गाय मेली, पुन्हा कशाला मारतोस? तो म्हणाला, गावात वाचतील त्यांना कळणार नाही. मी म्हटलं, गावातल्यांनाच आधी कळेल; वादळानंतर पोरगं गोठ्याकडे का बघत नाही हे पुण्यात समजावून सांगावं लागेल, रावेरात नाही. दुसरी एक जण म्हणाली, मग बोळही काढा, नुसतं ‘शेजारी गेलो’ ठेवा. तसं केलं तर ती गरिबीची गोष्ट होते, घरात दूध नाही एवढीच. गाय जाते. बोळ राहायलाच हवा, यावर मी अडून बसले.

मॅडमनी निकाल दिला नाही. एवढंच म्हणाल्या, ‘सत्यकथा’ मासिकात संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन कथेवर असंच बसायचे, लेखकाला पुन्हा लिहायला लावायचे. आता तुम्हाला तसा संपादक मिळेल याची खात्री नाही, एकमेकांचे व्हा. आणि जाता जाता विचारलं, याचं शीर्षक काय रे? त्यानं ठेवलं होतं ‘कपिला’. ते ‘पंचनामा’ केलं तर? मग पहिल्या वाक्यातला ‘पंचनाम्याला’ जातो, आणि कपिलाचं वाक्य नसलं तरी गाय नोंदीबाहेर राहिली हे शीर्षकच सांगतं.

घरी येऊन आईला वाचून दाखवली, कपिलाचं वाक्य गाळून. तिनं भाकरी थापता थापता ऐकली आणि विचारलं, ‘मंग गाय कवय मरनी?’ म्हणजे, मग गाय कधी मेली?

गाय मेली असं मी कुठेच वाचलं नव्हतं. त्याला मेसेज टाकलाय: वाक्य काढ, आणि रविवारच्या आत पाठव. दिवाळी अंकवाले उशिरा आलेलं उघडूनही बघत नाहीत.