"आणि ब्रेक?"

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना शेजारी बसलेल्या नानांचा उजवा पाय दर वळणाला खालच्या मॅटवर दाबला जात होता. तिथं पेडल नाही. पण ३० वर्षं एसटी चालवलेला पाय तो.

चढताना मी नुसता बोलत होतो. गाडीचं इंजिन १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद काढणारं. १८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली जीवच नसायचा. दुसऱ्या गिअरलाही टर्बो जागा व्हायची वाट बघायची. गेल्या महिन्यात ईसीयू रीमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेतली, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला. आता वळणातून बाहेर पडताना गाडी अशी उचलते, की रोज ऑफिसला जातानाही छान वाटतं.

समर्थ मंदिरापाशी चहाला थांबलो. पुढच्या चाकांकडून करपल्यासारखा वास येत होता. नाना रिमजवळ हात नेऊन, न टेकवता, धग बघत होते.

"ताकद वाढवलीस, चांगलं केलंस. आणि ब्रेक?"

ब्रेक होते तेच. टायर ४० हजार किलोमीटर पळालेले. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलायचं असतं, मी तीन वर्षं हातच लावला नव्हता. आणि उतारावर पाय काढला की बूस्ट शून्य. गाडी मागं धरायला तेच एवढंसं इंजिन. रीमॅपनं त्यात काडीचाही फरक पडत नाही. हे मला माहीत होतं, तरी मनात आलं नाही.

आज टायर आणि ब्रेक पॅडची चौकशी करून आलोय. नव्या इनटेकसाठी (इंजिनात हवा घेणारा भाग) ठेवलेले पैसे तिकडे वळवतोय.

रोज घाट करणाऱ्यांनो, पॅड कुठले वापरता?